दुसरा हाफ सांगायचा राहिला

हे लिहायला बसलो याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात पेन लागायचा तो सहीपुरता, आणि मायला तर तोही नाही. वडिलांवर लिहायचं तर त्यांच्याशी सरळ वागलेल्या मुलानं लिहावं, असं मला वाटतं. मराठीच्या मॅडमनी वार्षिकांकासाठी वडिलांवर लेख मागितला होता. माझे वडील नुकतेच गेलेत हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मॅडम विषय सांगताना माझ्याकडे बघत होत्या. मी ‘पाणी वाचवा’ या विषयावर दीड पान लिहून दिलं.  लेख छापून आला. तो अंक मी अजून उघडलेला नाही.

तेव्हा जे लिहिलं नाही ते आता लिहितो. चुका होतील.

आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. दादा आणि माय ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं कुलूप लावून कारखान्यांवर जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसे हे दोघं एक कोयता. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याबरोबर जायचो, कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर. दादांची बैलगाडी होती. दिवस उजाडायच्या आत फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि दुपारपर्यंत कारखान्यावर आणायची. पण आणली म्हणजे लगेच ऊस घेत नाहीत. गाडीला नंबर मिळतो. तो भोंग्यावरून पुकारेपर्यंत रांगेत थांबायचं, कधी दोन तास तर कधी पाच. गाडीवान बैल सोडून त्यांच्यापुढं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकायचे आणि गाडीखाली सावलीला आडवे व्हायचे. दादा मात्र फुटबॉल बघायला जायचे.

कारखान्याच्या कॉलनीमागं मैदान होतं. त्या भागात फुटबॉलचं वेड आहे, तालमी-तालमींच्या टीम असतात, आणि सुट्टीच्या दिवशी तर दुपारपासून मॅच सुरू असायच्या. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे नवीन होतं. दादा सांगायचे, “पैल्या वर्षी मला वाटलं भांडणं लागली. सोडवायला निघालतो. मग कळालं, भांडणंच हायेत, पण नेमाची.”

त्यांना खेळाचे शब्द माहीत नव्हते. ऑफसाइडला ते ‘फुकट पुढं उभारला’ म्हणायचे. बॅकला ‘मागचा गडी’ म्हणायचे आणि त्यांचं सगळं लक्ष या मागच्या गड्याकडं असायचं. “गोल मारणारा काय, सगळ्यांनाच दिसतो,” ते मला सांगायचे. “ह्याच्याकडं बघ. बॉल तिकडं लांब हाय, तरी ह्यो उभा कुठं राहतोय ते बघ.” मी बघायचो. तासभर एकाच माणसाच्या उभं राहण्याकडं बघणं लहान पोराला जड जातं, पण दादा शेजारी उकिडवे बसलेले असले की जमायचं. त्यांच्या अंगाला उसाच्या चिकाचा वास यायचा.

मॅच रंगात आली की हमखास भोंगा वाजायचा. आमचा नंबर आला की दादा उठायचे, धोतर झटकायचे आणि म्हणायचे, “तू थांब. मला सांग.” आणि पळत रांगेकडं जायचे, कारण नंबर हुकला तर गाडी परत शेवटाला. दादांनी एकही मॅच शेवटपर्यंत बघितलेली मला आठवत नाही. बहुतेकदा मध्यंतरापर्यंतच त्यांच्या वाट्याला यायचं. पुढचं मी आणायचो.

मॅच संपली की मी धावत गव्हाणीकडं जायचो. गव्हाण म्हणजे जिथं मोळ्या टाकतात ती जागा. दादा गाडीवर उभे राहून मोळ्या खाली फेकत असायचे. मी चाकाच्या आऱ्यावर चढायचो.

“हां, बोल,” ते हात न थांबवता म्हणायचे. “लाल बनियनवाला पडला तिथपतूर मी होतो.”

“तो उठला, दादा.”

“उठला ना? मग?”

मग मी सांगायचो, आणि वाढवूनच सांगायचो. एक गोल झालेला असला तर तीन करायचो. गोलकीपरनं उडी मारून बॉल दातांनी अडवला, असंही एकदा सांगितलं होतं. दादा मोळी हातात धरून क्षणभर थांबले. गाडीवर आमच्याच टोळीतले तात्या होते. आमच्या गावापासून दोन कोसांवरचे, दादांचे जोडीदार, त्यांची गाडी कायम आमच्या मागं असायची. ते म्हणाले, “दातांनी? आर, हे पोरगं तुला खुळ्यात काढतंय.”

दादा हसले. “काढू दे की. तू झोपलतास, तुला काय ठाऊक? गेलं आसंल एखाद्याचं तोंड मधी.” आणि मला म्हणाले, “पुढं सांग. पण जरा कमी कर बे.”

दादांना माझं खोटं कळायचं आणि तरी ते तसंच ठेवून घ्यायचे. हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

दहाव्या वर्षी मला वसतिगृहात घातलं आणि माझं कारखान्यावर जाणं बंद झालं. एका उन्हाळ्यात दादा परत आले ते कॉलनीतल्या पोरांनी टाकून दिलेला फुटबॉल घेऊन. चांभाराकडून टाके घालून घेतलेला, एका बाजूनं फुगीर. शाळेच्या मैदानावर आम्ही दोघं खेळायचो. पारावरची माणसं हाका मारायची, “ओ गाडीवान, हात दिलेत देवानं ते कावून?”  दादा मला मागच्या गड्याच्या जागी उभं करायचे आणि स्वतः बॉल घेऊन अंगावर यायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस, अनवाणी. मी बॉल काढून घेतला की ते मैदानात बसून दम खायचे आणि एवढंच म्हणायचे, “जमतंय.”

बारावीनंतर मी बीडला कॉलेजला आलो. तिथं फुटबॉलची टीम आहे हे कळल्यावर मला आधी खरंच वाटेना. शहरातली मुस्लिम मुलं लहानपणापासून खेळणारी, कॅप्टनही त्यांच्यातलाच. त्यानं माझा खेळ बघितला आणि म्हणाला, “ये कहाँ सीखा बे तू? बॉल के पीछे नहीं भागता, जगा पे खडा रैता.” मी म्हणालो, असंच. मला मागं बॅकला घेतलं.

एकदा सराव झाल्यावर आम्ही सगळे मैदानाच्या भिंतीला टेकून बसलो होतो. भिंतीला लागून एक पेरूचा गाडा असायचा. मीठ-तिखट लावून पेरू खाता खाता कॅप्टननं सहज विचारलं, तुझे वडील काय करतात? त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याचे वडील मास्तर होते, एकाच्या वडिलांचं मेडिकल दुकान होतं, एकाचे वडील कोर्टात होते. मी म्हणालो, “साखर कारखान्यावर असतात. काट्यावर क्लार्क.”

काट्यावर म्हणजे जिथं उसाची गाडी वजन करतात तिथं. तिथला क्लार्क खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि दादा टोपी काढून त्याच्या हातात चिठ्ठी द्यायचे. मी लहानपणी ते रोज बघितलं होतं. माझ्या तोंडून तोच माणूस कसा निघाला, मला माहीत नाही. कोणी जोर केला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर त्या मुलांनी पेरूची दुसरी फोड घेतली असती, एवढंच झालं असतं.

त्या वर्षी टोळी लांब गेली नव्हती. दादांचे गुडघे दुखायला लागले होते म्हणून त्यांनी गोदावरीकडचा एक कारखाना धरला होता. बीडपासून एसटीनं तीन तास. जानेवारीत आमची दुसऱ्या कॉलेजबरोबर मॅच ठरली आणि मी आनंदाच्या भरात फोनवर दादांना दिवस सांगून टाकला. दोन दिवस आधी त्यांचा फोन आला.

“मैदान कुठंशी हाय रे? स्टँडपासून लांब हाय का?”

“लांब नाही. का?”

“न्हाई, सहज.”

फोन ठेवल्यावर मला कळलं, ते यायचं बघतायत. मॅचला सगळ्यांच्या घरचे येणार होते. दादा येतील, धोतर, मळकी टोपी, उसाच्या पानांनी चिरलेले हात. ते हात लपत नाहीत. कॅप्टन पुढं होऊन त्यांना नमस्कार करेल आणि काट्यावरचं काही विचारेल. दोन रात्री मी हेच डोक्यात घोळवलं. मॅचच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी दादांना फोन केला.

“दादा, मॅच रद्द झाली.”

तिकडं गाड्यांचा आवाज येत होता, हॉर्न वाजत होता. मला वाटलं, कारखान्याच्या रांगेत असतील.

“रद्द? कावून?”

“मैदान भेटलं न्हाई.”

परत हॉर्न वाजला. मग ते म्हणाले, “बरं. असू दे. परत कधी तरी होईल. जेवलास का?”

“हो,” मी म्हणालो. तेव्हा आठ वाजले होते आणि मी काही खाल्लेलं नव्हतं.

मॅच दुपारी तीनला सुरू झाली. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल झाला नाही. समोरच्या टीमचा एक उंच मुलगा आमच्या गोलकीपरला चुकवून निघाला होता आणि त्यानं मारलेला बॉल मी रेषेवरून मांडीनं बाहेर काढला. मांडीवर लाल चट्टा उठला. लोक ओरडले. मध्यंतरानंतर मी एक बॉल अडवून लांब पुढं दिला, तो कॅप्टनला सापडला आणि त्यानं गोल केला. तेवढ्यावर आम्ही जिंकलो. आजपर्यंत मी इतका चांगला कधी खेळलो नव्हतो, नंतरही नाही.

मुलांनी मला उचललं, खाली ठेवलं. कॅप्टन म्हणाला, “अब्बा को फोन लगा बे! बोल उनको, जीत गए.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोबाइल काढला, कानाला लावला आणि कोणालाही न लावलेल्या त्या फोनवर बोललो. “हो दादा, जिंकलो. एक-शून्य. हो, मीच दिला बॉल. हो, जेवतो.” मुलं मागून ओरडत होती, “चचा, मिठाई भेजो!” मी हसलो आणि म्हणालो, “दादा म्हणतात, पाठवतो.”

याहून जास्त लाज वाटावी असं माझ्या हातून दुसरं काही घडलेलं नाही. लहानपणी मी दादांना मॅचचा शेवट वाढवून सांगायचो. आता खरा शेवट हातात होता, वाढवायची गरज नव्हती, आणि मी तो बंद फोनला सांगितला.

रात्री दादांचा खरा फोन आला. आवाज थकलेला होता.

“काय चाललंय?”

“काही नाही. अभ्यास.”

“मॅच?”

“सकाळी सांगितलं ना दादा. रद्द झाली.”

“हां, हां. सांगितलंस. झाली की सांग मला.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी परत विचारलं, “झाली का रे मॅच?” मी म्हणालो, अजून ठरली नाही. त्यानंतर एकदा विचारलं. तेव्हा मी थोडा चिडलो. “झाली की सांगीन म्हणालो ना.” ते म्हणाले, “बरं, बरं.” नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. मनात असं होतं की सीझन संपला, दादा घरी आले, की शाळेच्या मैदानावर बसून सगळं सांगून टाकायचं. काट्यावरच्या क्लार्कचंसुद्धा.

फेब्रुवारीत फडातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. मी पोचलो तेव्हा त्यांना गावी आणलेलं होतं.

दहाव्याच्या आधी एका दुपारी माय भिंतीला टेकून बसली होती. आपणहून बोलायला लागली. “त्यांचं तुझ्यावर लई ध्यान व्हतं. जानेवारीत एक दिवस खाडा केला त्यांनी. सारी हयात कधी खाडा न करणारा माणूस. म्हणले, नारायणगडला जाऊन येतो, पोराच्या परीक्षेसाठी नवस बोललोय. मी म्हणलं जा, देवाच्या कामाला न्हाई कशी म्हणू? एकटीनं फड केला त्या दिवशी.”

 नारायणगड बीडपासून जवळ आहे. दादा इतक्या जवळ आले आणि मला भेटायला आले नाहीत, याचं मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं म्हणून लिहितो, वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं, की ते कॉलेजवर आले नाहीत.

मायला मधेच हसू आलं. डोळ्याला पदर लावून म्हणाली, “आणि आलं काय घेऊन? पेरू! मी म्हणलं, गडावरनं कुणी प्रसाद म्हणून पेरू आणतं व्हय? तर म्हणले, गर्दी लई व्हती, नारळ भेटला न्हाई.”

मीही हसलो. तेवढ्यात कोणी तरी भेटायला आलं आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

तात्या दहाव्याला आले नव्हते. टोळी सुटल्याशिवाय त्यांना कारखाना सोडता येत नव्हता. ते मला भेटले एकदम मे महिन्यात, आमच्या जवळच्या दिंद्रुडच्या बाजारात. बैलाचे कासरे घ्यायला आले होते. मला बघून त्यांनी कासरे खांद्यावर टाकले, माझा दंड धरला आणि ओढतच हॉटेलात नेलं. दोन चहा सांगितले. बराच वेळ बशीत चहा ओतून नुसते फुंकत बसले.

“वाळलास,” ते म्हणाले.

“परीक्षा होती, तात्या.”

“हां.” चहा प्यायले. “त्या मॅचचं काय झालं मग?”

“कुठल्या?”

“आर, तुझ्या. बीडची. जानेवारीतली.”

मी म्हणालो, “ती रद्द झाली होती.”

तात्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी दातांनी अडवलेल्या बॉलचं सांगितलं होतं तेव्हा बघितलं होतं, तसं.

“मला कशाला सांगतो बे? त्यो तिथं व्हता.”

मला काही कळेना. तात्या सांगत गेले.

“तुझ्या मायला गडाचं सांगितलं त्यानं. बॉल बघायला चाललो म्हणला असता तर तिनं सोडलं असतं का? तुझा फोन आला तवा त्यो एसटीत बसलता, निम्म्या वाटंला. मला म्हणला, उतरून काय करू, म्हणलं मैदान तरी बघून यावं. तिथंच टेकला, तर दुपारी मैदानावर ही गर्दी. तिथं भिंतीला एक पेरूचा गाडा असतो म्हणं, त्याच्या मागं उभा राहिला. तू मांडीनं बॉल काढलास, ते त्यानं मला फडात मोळी पुढं ठेवून करून दाखवलं. चार बारी.”

मी टेबलाकडं बघत होतो.

“मधली सुट्टी झाली आन् निघाला. म्या म्हणलं, येड्या, आता कुठं तुझा नंबर पुकारत व्हते? थांबायचं की. तर म्हणला, समदे खेळणारे भिंतीकडं पाणी प्यायला यायलते. पोरानं मला रद्द म्हणून सांगितलंय. मी दिसलो असतो तर त्येचं त्वांड कुठं राहिलं असतं?”

बाहेर कोणी तरी तात्यांना हाक मारली. त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं.

“पार शेवटपतूर मी त्याला इचारायचो, फडात, रांगेत. आर, मग जिंकलं कोण? तर दर बारी त्येचं एकच. म्हणायचा, मी अर्ध्यातनं आलोय, तात्या. पुढलं पोरगं सांगणार हाय.”